काका म्हणतात, मेल डोळ्यांसमोर हवेत

पत्र: नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून एका मुलीचं पत्र आलंय, ओळख काढून थोडक्यात देते. वय ३१, पुण्यात पाच वर्षं आयटीत काढून आता घरच्या मशीनिंग युनिटमध्ये परत आलीये. बाबा आणि काका भागीदार, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, एकूण २६ माणसं, त्यातली ११ जणं मेल वापरतात. काकांनी २०११ मध्ये स्वतः खपून केबिनमध्ये सर्व्हर बसवला, सगळ्यांचे मेल आउटलुकमध्ये येतात आणि शनिवारी काका त्याची कॉपी एका डिस्कवर घेतात. अकाउंट्सच्या मॅडमची मेलची फाइल ३८ जीबी झालीये, शोधायला गेलं की मशीन आ वासून बसतं. गेल्या महिन्यात कस्टमरने ड्रॉइंगची नवी रिव्हिजन मेलवर पाठवली, ती काकांच्या मेलबॉक्समध्ये पडून राहिली आणि शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर, जुन्या रिव्हिजनवर ४०० नग कापले गेले. सगळे रिजेक्ट, वर डेबिट नोट. तिचं म्हणणं, मेल आणि फाइली क्लाउडवर, म्हणजे गूगल-मायक्रोसॉफ्टसारख्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर, नेऊ. काका म्हणतात, "आपले मेल आपल्या डोळ्यांसमोर असावेत, उद्या त्यांनी भाडं वाढवलं की कुठे पळणार?" बाबा म्हणतात, तुम्ही दोघं बघा. तिने एका रविवारी गुपचूप ती डिस्क लावून पाहिली, शेवटची कॉपी वर्षभरापूर्वीची निघाली. आता ती विचारते, "ताई, काकांना पटवत बसू, की न विचारता करून टाकू? कळेपर्यंत सगळं शिफ्ट झालेलं असेल."

उत्तर:

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. न विचारता करू नकोस. नात्याबित्याचं बाजूला ठेव, साधी अडचण अशी की तुला ते जमणारच नाही. तुझ्या पत्रात मध्येच कुठेतरी एक वाक्य आहे, "डोमेन बहुतेक काकांच्या ओळखीच्या कॅनडा कॉर्नरच्या कॉम्प्युटरवाल्याने घेऊन दिलं होतं", आणि पुढे तू लगेच गूगल बरं की मायक्रोसॉफ्ट यावर दीड पान लिहिलंयस. मी ते बहुतेकवालं वाक्य दोनदा वाचलं. तुमच्या कंपनीचं नाव, म्हणजे ॲट द रेटच्या पुढचं जे काही आहे ते, नक्की कुणाच्या नावावर आहे, कुठल्या पासवर्डने उघडतं आणि कधी संपतंय, हे तुला माहीत नाही. मेल कुठे ठेवायचे हा वाद तुम्ही दोघं करताय आणि घराचा सातबारा तिसऱ्याच माणसाच्या कपाटात.

दुसरं, तुम्ही दोघांनी एक गोष्ट धरूनच चाललाय की मेल आज काकांच्या केबिनमध्ये आहेत. नाहीयेत गं. तू लिहिलंयस आउटलुक पीओपीवर लावलंय. म्हणजे कस्टमरचा मेल आधी कुठल्यातरी होस्टिंगवाल्याच्या मशीनवर उतरतो, ते मशीन कुठल्या गावात कुठल्या देशात आहे हे काकांनाही सांगता येणार नाही, तिथून तुमचं आउटलुक दर थोड्या वेळाने तो ओढून घेतं आणि बहुतेक सेटिंगमध्ये तिकडची कॉपी पुसून टाकतं. मग तो मेल जगात एकाच ठिकाणी उरतो, मॅडमच्या मशीनच्या हार्ड डिस्कवर, एका पीएसटी फाइलमध्ये. केबिनमधला सर्व्हर या सगळ्यात नुसता शेजारी उभा असतो, त्यावर ड्रॉइंग आणि टॅली असेल, मेल नाही. तेव्हा काकांना जी भीती वाटते, परक्याच्या मशीनवर आपले मेल, ती गोष्ट गेली चौदा-पंधरा वर्षं रोज होतेच आहे, फक्त त्याचा फायदा तेवढा तुम्हाला मिळत नाहीये.

त्या ३८ जीबीचं बघ. आउटलुक २०१० पासून पुढच्या आवृत्त्यांत पीएसटीची ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे. गोदेला पूर आला की आपण सगळे दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते विचारतो ना, तसं हे. ३८ म्हणजे छातीपर्यंत. आणि ही फाइल बिघडायला ५० भरायचीही वाट बघत नाही, लिहीत असताना लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी म्हातारी असली की पुरे.

सर्व्हरचंही एकदा तपासून घे. २०११ ला बसवला म्हणजे विंडोज सर्व्हर २००८ आर२ असायची शक्यता बरीच, त्याचे सुरक्षेचे अपडेट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबवले. काकांना हे ऐकवताना मात्र जपून. २०११ मध्ये छोट्या युनिटमध्ये स्वतः बसून सर्व्हर उभा करणारा मालक म्हणजे त्या काळात पुढचाच माणूस होता, तू तेव्हा शाळा-कॉलेजात होतीस.

आता काकांची बाजू, कारण त्यांचे प्रश्न मला चुकीचे वाटत नाहीत, त्यांनी स्वतःला दिलेलं उत्तर चुकलंय इतकंच. भाडं वाढवलं तर? वाढवतातच. गूगलने २००६ मध्ये आपल्या डोमेनवर फुकट मेल द्यायला सुरुवात केली, हजारो छोट्या कंपन्या गेल्या, डिसेंबर २०१२ मध्ये नव्यांसाठी ते दार बंद झालं आणि २०२२ मध्ये जुन्या कंपन्यांनाही सांगितलं की धंद्यासाठी वापरताय तर पैसे भरा. काका हेच म्हणतायत. पण त्या सगळ्यांकडे डोमेन स्वतःचं होतं, त्यामुळे ज्यांना पटलं नाही त्यांनी पत्ता तोच ठेवून सामान दुसरीकडे हलवलं. डोमेन आपलं असलं तर भाडेकरू कधीही उठू शकतो. नसलं तर केबिनमधला सर्व्हर घेऊन काय करणार, त्याला पत्ताच नाही.

नेट गेलं तर? हाही रास्त प्रश्न, सध्या तर फारच. सिंहस्थाच्या कामांनी अर्धं नाशिक खोदून ठेवलंय, जेसीबीचा एक फटका आणि फायबर दोन दिवस आडवी. पण नेट गेलं की मेल आजही येत नाहीतच की. उलट क्लाउडवर असले तर मोबाइलच्या डेटावर बाबा घरून बघू शकतात आणि आउटलुक मशीनवर कॉपी ठेवतं त्यामुळे जुने मेल नेट नसतानाही उघडतात. तरी दुसऱ्या कंपनीची एक साधी लाइन किंवा डोंगल घे, ते या खर्चात धर.

तिसरी गोष्ट काका बोलले नाहीयेत पण बोलायला हवी होती. क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे. तुझ्या पत्रात "मग बॅकअपची कटकटच नाही" असं आलंय, ते खोड. नोकरी सोडून चाललेल्या कुणी रागाने मेलबॉक्स साफ केला तर जीमेलच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस, त्यानंतर ॲडमिनला आणखी २५ दिवस परत आणता येतात, मग संपलं. मायक्रोसॉफ्टकडे ट्रॅशमधूनही उडवलेले मेल मुळात १४ दिवस राहतात, सेटिंग बदललं तर ३०. एखाद्या मशीनवर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर सिंक होणाऱ्या, म्हणजे आपोआप क्लाउडवर चढत राहणाऱ्या, फोल्डरमधल्या बिघडलेल्या फाइली पण इमानदारीत वर जातात, जुनी व्हर्जन मिळते म्हणून निभावतं, पण एकेक परत आणत बसा. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या मेलबॉक्सची कॉपी खाली उतरवून ऑफिसच्या डिस्कवर ठेवायची. काकांच्या डिस्कवर. शनिवारचं काम त्यांच्याकडेच राहू दे, फक्त दोन डिस्क असू देत, एक ऑफिसात, एक घरी, आणि दर तीन महिन्यांनी त्यातला एखादा मेल खरंच उघडून बघायचा. न उघडलेला बॅकअप आणि न वाचलेला इन्शुरन्स, दोन्ही वेळेला दगा देतात.

आणि ते ४०० नग. इथे मी तुझ्या विरुद्ध आहे. क्लाउड असता तर हे झालं नसतं असं तू लिहिलंयस, तर सांग कसं? मेल काकांच्या नावाने आला, काका लग्नाला गेलेले, मेल न वाचलेला पडून राहिला. गूगलवर असता तर गूगलवर न वाचलेला पडून राहिला असता. कस्टमरने तो एका माणसाला पाठवला ही खरी गोम. ड्रॉइंग, पीओ (परचेस ऑर्डर), शेड्यूल यासाठी एकच सामाईक पत्ता कर, तो काका, तू आणि प्रॉडक्शनचे साहेब तिघांना दिसेल असा, आणि सगळ्या कस्टमरना कळव की यापुढे इथेच पाठवा. अशा सामाईक पत्त्याला वेगळं लायसन लागत नाही, गूगलमध्ये ग्रुप करता येतो, मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स, तो ५० जीबीपर्यंत बिनपैशाचा. सेल्स, अकाउंट्स, इन्फो यांची पण हीच गत, लोक उगाच प्रत्येक पत्त्याचे पैसे भरतात.

मग शॉपसाठी एकच फोल्डर, नाव ठेव "चालू ड्रॉइंग", त्यात फक्त पीडीएफ, प्रत्येक पार्टची एकच फाइल. त्यात टाकायचा-काढायचा हक्क एकाच माणसाला, बाकी सगळ्यांना नुसतं बघता येईल. नवी रिव्हिजन आली की जुनी त्याच मिनिटाला "रद्द" फोल्डरमध्ये. व्हीएमसी मशीनपाशी एखादा जुना टॅब लटकवून दे. आणि हे सगळं करूनसुद्धा कुणीतरी व्हॉट्सॲपवर जुन्या ड्रॉइंगचा फोटो पाठवेल, पाठवतोच, तेव्हा व्हॉट्सॲपवर फाइल नाही, लिंक पाठवायची हा नियम आधी तू स्वतः पाळ. शॉपमध्ये चिकटवलेले प्रिंटआउट मात्र एक दिवस सुट्टीच्या वेळी फिरून तूच काढ, ते कुठलाच क्लाउड काढत नाही.

सगळंच वर न्यायचं नसतं हेही सांगते. टॅलीचा चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नकोस, इकडे टॅली लिहितंय तिकडे सिंक उचलतंय, डेटा कधी बिघडला ते कळत नाही. टॅलीने काढलेली बॅकअप फाइल मात्र रोज वर जाऊ दे. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहात ना, कंपनी नियमांत २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक हिशोबांचा बॅकअप रोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर हवा असं आहे, सीएंना विचार आणि जिथे ठेवशील तो सर्व्हर भारतात आहे ना हे लेखी घे. थ्रीडी मॉडेल, मोठ्या असेंब्ली वगैरे पण लोकलच बऱ्या, एका फाइलने दुसरीचा पत्ता धरलेला असतो, जागा बदलली की उघडताना बोंब. तेव्हा केबिनमधलं मशीन पूर्ण जाणार नाहीच, नवं छोटं येईल.

कुठलं घ्यायचं यावर तू इतकं लिहिलंस पण मला तो सगळ्यात सोपा भाग वाटतो. कस्टमरचे फॉर्मॅट मॅक्रोवाल्या एक्सेलमध्ये येत असतील आणि मॅडम आउटलुकशिवाय हलत नसतील तर मायक्रोसॉफ्ट. माणसं मोबाइलवरच जगत असतील तर गूगल. मुख्य काम मेलचंच असेल आणि खर्च बेताचा ठेवायचा असेल तर चेन्नईचं झोहो. तिघांकडेही ११ जणांची कंपनी आरामात मावते. ११ च मोज हं, २६ नाही, आणि त्या ११ पैकीही दोघा-तिघांना सामाईक पत्ता पुरतो का बघ. भरलेला जीएसटी इनपुटमध्ये मिळतो हे हिशोब करताना धर, काकांना तो आकडा आवडेल.

आता हलवायचं कसं, इथे जरा सावकाश वाच, कारण हीच चूक मी तीनदा पाहिलीये. तू जुन्या होस्टिंगवरून नव्याकडे मेल ओढायचं टूल लावशील, ते दहा मिनिटांत "पूर्ण झालं" म्हणेल आणि तू खूश. कारण तिकडे मेल उरलेच नाहीयेत! पीओपीने आधीच खाली ओढलेत. तुमचे मेल आणायचे ते त्या पीएसटींमधून, एकेका मशीनवरून, आणि त्याला वेळ लागतो. ३८ जीबी वर चढवायला, अपलोड १० एमबीपीएस मिळत असेल तर गणितानेच साडेआठ तास, प्रत्यक्षात दुपटीने धर. म्हणून आधी प्रत्येक पीएसटीची कॉपी डिस्कवर, मग गेल्या दोन वर्षांचे मेल आधी आण, बाकीचे रात्री-रात्री चढू देत. घेतलेल्या प्लॅनमध्ये मॅडमचे ३८ जीबी मावतात का तेही आधी बघ. जुने टाकून मात्र देऊ नकोस, जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात आणि वाद निघाला की मेलच कामाला येतो.

पहिले दोन आठवडे फक्त तू आणि आणखी एक जण. बाकीचे जुन्यावरच. दरम्यान डोमेनच्या सेटिंगमध्ये टीटीएल (जुनी नोंद जगाने किती वेळ धरून ठेवायची तो आकडा) कमी करून ठेव, ३०० सेकंदांवर आण, म्हणजे एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ते सांगणारी नोंद) बदललं की जगाला लवकर कळेल, नाहीतर काही मेल जुन्या पत्त्यावर जात राहतात. एमएक्स बदलायचं ते साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, डिस्पॅच झाल्यावर. मार्चएंडला नको, दसरा-दिवाळीच्या गर्दीत नको. जुनं होस्टिंग आणखी महिनाभर चालू राहू दे, पैसे गेले तर गेले.

एसपीएफची नोंद, म्हणजे तुमच्या नावाने मेल पाठवायची मुभा कुणाला त्याची यादी, एकच असते, नवीन सेवा आली की त्याच ओळीत भर घालायची, दुसरी वेगळी ओळ केलीस की दोन्ही निकामी. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू कर, डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) आधी नुसतं बघायच्या मोडवर ठेव. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू या बाबतीत कडक झालेत, हे नीट नसलं की तुमचं कोटेशन सरळ स्पॅममध्ये. आणि कागदावर लिहून काढ की तुमच्या नावाने आणखी कोण-कोण मेल पाठवतं. टॅलीतून जाणारी इन्व्हॉइस, स्कॅनर, वेबसाइटचा एन्क्वायरी फॉर्म. मी सातपूरला एका ऑफिसचं काम केलं तेव्हा फॉर्म विसरले होते, ११ दिवस एकही एन्क्वायरी आली नाही आणि आम्ही सगळे म्हणत होतो मार्केट थंड आहे.

किल्ल्यांचं तेवढं पक्कं कर. डोमेनचं खातं कंपनीच्या नावावर, पण त्याला लावलेला मेल त्याच डोमेनवरचा नको, डोमेन बंद पडलं तर ओटीपी कुठे येणार? ॲडमिन दोन, तू आणि काका, रोजच्या मेलपेक्षा वेगळ्या खात्यांनी, दोघांना टू-स्टेप लॉगिन (पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही लागतो ते), आणि रिकव्हरी कोड छापून चेकबुकच्या कपाटात. तू उद्या पुण्याला परत गेलीस तर (जाशील असं म्हणत नाहीये) कंपनी तुझ्या फोनवर अडकायला नको. आज जे त्या कॉम्प्युटरवाल्याच्या हातात आहे तेच उद्या तुझ्या हातात आलं तर काकांच्या दृष्टीने फरक काय पडला?

त्या माणसाशी भांडू नका. बहुतेक वेळा त्याने सोय म्हणून स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं आणि विसरलेला असतो. काकांनीच फोन करावा, चहाला बोलवावं आणि डोमेन कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर करून घ्यावं, त्याची राहिलेली काही बाकी असेल तर देऊन टाकावी. डॉट कॉमसारखं डोमेन एका कंपनीकडून दुसरीकडे नेलं की पुढचे ६० दिवस परत हलवता येत नाही, म्हणून कुठे न्यायचं ते आधी ठरवा.

मॅडमबद्दल तू फक्त "त्या बदलाला तयार नाहीत" एवढंच लिहिलंस. ६०-६५ कस्टमरचे वेगवेगळे फोल्डर करून २०१४ चा पीओ दोन मिनिटांत काढून देणारी बाई आहे ती. त्यांचं आउटलुक तसंच राहतं, फोल्डर तसेच येतात, हे त्यांना त्यांच्याच मशीनवर दाखव. सामाईक फोल्डरची नावं काय ठेवायची तेही त्यांनाच विचार, तुझ्यापेक्षा चांगली ठेवतील. आणि एक त्यांच्याच कामाचं, "आमचा बँक अकाउंट बदललाय" असा सप्लायरचा मेल आला की जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, मेल कितीही खरा दिसला तरी. चुकून गेलेच तर लगेच १९३० ला फोन. हे क्लाउडवर गेल्यावरही तसंच राहणार.

काकांशी बोलायचं ते डिस्कवरून नको. तू गुपचूप तपासलंस हे कळलं की चर्चा तिथेच संपेल आणि बाबा चहा घ्यायला बाहेर जातील. त्याऐवजी काकांनाच म्हण, मॅडमचं मशीन उद्या सुरूच झालं नाही असं धरू आणि मागच्या आठवड्याचा एक पीओ काढून बघू, चला. तेच डिस्क आणतील, तेच लावतील. तारीख त्यांना दिसेल. तू त्या वेळी काही बोलू नकोस.

पण ते पुढच्या शनिवारी. आज संध्याकाळी एवढंच कर, हूइज नावाच्या सेवेत तुमचं डोमेन टाकून ते कधी संपतंय ते बघ, आणि ती तारीख काकांना जाऊन सांग.